जेलीफिनवर टाकलेला व्हिडिओ दिसत नाही? पुन्हा टाकण्याआधी हे बघा

"दादा, काल रात्री दुसरा अंक सर्व्हरवर टाकला होता. आज टीव्हीवर दिसतच नाहीये. परत टाकू का?"

प्रयोग झाला की दोन-तीन दिवसांत हा निरोप येतोच. पाठवणारं पोर दर वेळी वेगळं, प्रश्न तोच. माझं उत्तरही ठरलेलं: नको टाकूस. पहिली फाइल कुठे अडलीय ते आधी बघू.

पुन्हा टाकल्यावर कधी कधी काम होतं, आणि तिथेच घात होतो. पहिल्यांदा का झालं नाही ते कळत नाही आणि पुढच्या प्रयोगाला पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. एकदा डिस्क भरली म्हणून आवराआवर करायला बसलो, तर एकाच एकांकिकेच्या चार प्रती निघाल्या. प्रत्येकी ११ जीबी, आणि त्यातल्या दोन अर्धवट.

आमची मांडणी साधी आहे. नाट्यमंडळाच्या कार्यालयात एक जुना डेस्कटॉप, त्यावर उबंटू (लिनक्सचा एक प्रकार), त्यावर जेलीफिन, म्हणजे आपल्या संगणकावरचे व्हिडिओ टीव्ही-मोबाइलवर दाखवणारं सॉफ्टवेअर. रेकॉर्डिंगं बाहेरच्या ८ टीबी डिस्कवर. पोरं विंडोजच्या लॅपटॉपवरून सांबा शेअरमध्ये, म्हणजे नेटवर्कवरून उघडणाऱ्या सर्व्हरच्या फोल्डरात, फाइल टाकतात आणि मंडळाचे लोक टीव्हीवर किंवा मोबाइलवर बघतात. एम्बी या तशाच सॉफ्टवेअरचा सोर्स कोड बंद झाल्यावर २०१८च्या अखेरीस काही मंडळींनी त्याची फांदी तोडून जेलीफिन काढलं. ते पूर्ण मोफत आहे, त्यामुळे आमच्या खजिनदारांनी पहिल्याच बैठकीत मान डोलावली होती. पुढे जे लिहितोय ते याच मांडणीवर ठेचा खाऊन शिकलेलं आहे. कमांडची नावं इथे देवनागरीत आहेत, टर्मिनलवर अर्थातच रोमनमध्ये टाइप करायची.

पहिला प्रश्न फाइलबद्दल नाहीच. कोणाला दिसत नाही, हे विचारा. अ‍ॅडमिनच्या खात्याने ब्राउझर उघडा. तिथे व्हिडिओ असेल आणि बाकीच्यांना दिसत नसेल, तर डॅशबोर्डमध्ये त्या वापरकर्त्याला ती लायब्ररी दिलेली आहे का ते तपासा. नवीन लायब्ररी तयार केली आणि वापरकर्त्याच्या खात्यात 'सगळ्या लायब्रऱ्या' ही खूण नसेल, तर ती त्याला आपोआप मिळत नाही. हे निघालं तर पुढचं वाचायची गरज नाही.

डिस्क जागेवर आहे का?

आमचा सर्वांत जास्त वेळ इथे गेला, कारण इथे सगळं ठीक दिसतं. शेअर उघडतो, फाइल कॉपी होते, कुठलीही चूक दाखवत नाही. दुसऱ्या दिवशी फाइल गायब.

झालेलं असं. दुपारी वीज गेली, संध्याकाळी आली, संगणक आपोआप चालू झाला. पण बाहेरची डिस्क उबंटूच्या डेस्कटॉपने माउंट केलेली (फोल्डरला जोडलेली) होती, म्हणजे कोणीतरी लॉग-इन केल्यावरच ती जोडली जाणार. कार्यालयात कोणी नव्हतं. सांबा मात्र लॉग-इनची वाट बघत नाही. त्याला ठरलेल्या नावाचा फोल्डर हवा, तो होता, फक्त रिकामा होता. पोराने रात्री अंक त्या रिकाम्या फोल्डरमध्ये टाकला, म्हणजे खरं तर उबंटूच्याच छोट्या डिस्कवर. सकाळी चिटणीसांनी लॉग-इन केलं, मोठी डिस्क त्याच फोल्डरवर येऊन बसली आणि कालची फाइल तिच्याखाली झाकली गेली. सतरंजीखाली सरकलेली किल्ली शोधावी तसा प्रकार.

याच्या जोडीला आणखी एक उपद्व्याप झाला. लायब्ररीचा मूळ फोल्डर पूर्ण रिकामा दिसला, तर जेलीफिनच्या अलीकडच्या आवृत्त्या शहाणपणा करतात. फोल्डर रिकामा आहे किंवा पोचता येत नाही, असं लॉगमध्ये लिहून पुढे जातात, नोंदी पुसत नाहीत. पण आमचा फोल्डर रिकामा राहिलाच नव्हता. त्यात त्या रात्रीची एक फाइल होती. त्यामुळे रात्रीच्या स्कॅनमध्ये, म्हणजे जेलीफिन फोल्डर तपासून यादी ताजी करतं तेव्हा, एकच व्हिडिओ सापडला, बाकी सगळे 'गेले' असं धरून नोंदी निघून गेल्या. सकाळी डिस्क आल्यावर अख्खा संग्रह 'नुकतेच आलेले' या रांगेत. मूळ फाइल एकही गेली नव्हती, हे कार्यकारिणीला पटवायला अर्धा दिवस लागला.

ओळखायचं कसं? 'डीएफ -एच' या कमांडला त्या फोल्डरचा पत्ता द्या. तो पत्ता कुठल्या डिस्कवर आहे ते ती सांगते. तिथे मोठ्या डिस्कऐवजी मूळ डिस्क, म्हणजे नुसती तिरकी रेघ दिसली, तर डिस्क जोडलेलीच नाही. मूळ डिस्क विनाकारण भरत चालली असेल, तर जेलीफिन आणि सांबा थांबवा, मोठी डिस्क अनमाउंट करा आणि त्या 'रिकाम्या' फोल्डरात डोकावा. आमच्याकडे तिथे तीन प्रयोग निघाले.

कायमचा बंदोबस्त दोन गोष्टींनी झाला. सुरू होताना कोणत्या डिस्क जोडायच्या त्याच्या यादीत, म्हणजे एफएसटॅबमध्ये, डिस्कची नोंद तिच्या यूयूआयडीने (कायमच्या ओळख-क्रमांकाने) केली, सोबत 'नोफेल' लिहिलं, म्हणजे डिस्क नसली तरी संगणक सुरू होताना अडकत नाही. आणि डिस्क अनमाउंट असताना त्या रिकाम्या फोल्डरवर 'सीएचअ‍ॅटर +आय' चालवलं. त्यामुळे डिस्क नसेल तेव्हा त्या फोल्डरात रूटला, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्यालासुद्धा, काही टाकता येत नाही. कॉपी तिथल्या तिथे अडते आणि पोरगं रात्रीच फोन करतं. रात्रीचा फोन परवडला.

अर्धी फाइल, पूर्ण आकार

विंडोजवरून सांबावर मोठी फाइल टाकताना विंडोज सुरुवातीलाच फाइलचा पूर्ण आकार ठरवून टाकतं आणि मग मजकूर भरत जातं. म्हणजे कॉपी १० टक्के झालेली असतानाही सर्व्हरवर 'एलएस -एलएच' केलं, तर ११ जीबीच दिसणार. आकार पूर्ण आहे म्हणजे फाइल आली, असं मीही बरेच दिवस समजत होतो. खरं चित्र 'डीयू -एच' दाखवतं, कारण डिस्कवर प्रत्यक्षात किती जागा लिहिली गेली ते ती मोजते. एलएस म्हणतंय ११ जीबी आणि डीयू म्हणतंय १.३ जीबी, तर कॉपी चालू आहे किंवा मध्येच मेली आहे.

जेलीफिन फोल्डरवर नजर ठेवून असतं. बदल दिसला की साधारण मिनिटभर शांतता होईपर्यंत थांबतं आणि मग फाइल उघडून बघतं. एरवी हे पुरतं. पण कॉपी चालू असताना कोणी उतावीळपणे 'स्कॅन' दाबलं, वायफाय मिनिट-दोन मिनिटं अडखळलं किंवा लॅपटॉप झाकण लावल्यावर झोपला, की ते अर्ध्या फाइलवर जाऊन आदळतं.

यात एमपी४चं एक वैशिष्ट्य आडवं येतं. कोणती फ्रेम फाइलमध्ये कुठे आहे, याची अनुक्रमणिका एमपी४मध्ये एका भागात असते, त्याला मूव्ह अ‍ॅटम म्हणतात. कॅमेरे आणि मोबाइल ती रेकॉर्डिंग संपल्यावर लिहितात, म्हणून ती बहुधा फाइलच्या शेपटाला असते. अर्ध्या फाइलमध्ये चित्र आहे, आवाज आहे, पण अनुक्रमणिका नाही, म्हणून काहीच वाचता येत नाही. लॉगमध्ये 'मूव्ह अ‍ॅटम नॉट फाउंड' दिसलं की समजायचं. व्हिडिओ एक तर येत नाही, नाहीतर येतो पण शून्य मिनिटांचा, पोस्टर नसलेला, दाबला तरी न चालणारा.

नंतर कॉपी पूर्ण झाली तरी आमच्याकडे काही व्हिडिओ शून्य मिनिटांचेच राहिले. अशा वेळी त्या व्हिडिओच्या तीन टिंबांच्या मेनूतून 'रिफ्रेश मेटाडेटा' घ्या आणि सगळा मेटाडेटा (शीर्षक, कालावधी, पोस्टर अशी माहिती) बदलण्याचा पर्याय निवडा. तेवढ्याने नाही झालं, तर फाइल लायब्ररीबाहेरच्या फोल्डरात हलवा, स्कॅन करा, त्याच नावाने परत आणा, पुन्हा स्कॅन करा. हलवा म्हणतोय, कॉपी नाही.

कॉपी पूर्ण होऊनही तोच संदेश येत असेल, तर मूळ फाइलच तुटकी आहे. कॅमेऱ्याची बॅटरी प्रयोगातच संपली, असं काही. सर्व्हरवर हजार वेळा टाकून उपयोग नाही. त्याच कॅमेऱ्यातली एक चांगली फाइल नमुन्याला घेऊन 'अनट्रंक' नावाचं साधन कधी कधी जीव आणतं. ओबीएस या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरवर रेकॉर्ड करत असाल तर एमकेव्हीमध्ये करा आणि नंतर त्यातच रीमक्स करून, म्हणजे चित्र-आवाज तसाच ठेवून, एमपी४ काढा. एमकेव्ही मध्येच तुटलं तरी तिथपर्यंतचं चालतं.

परवानगी

जेलीफिन स्वतःच्या वेगळ्या वापरकर्त्याने चालतं, त्याचं नावही जेलीफिनच. तुम्हाला फाइल दिसते म्हणून त्याला दिसेलच असं नाही. 'सुडो -यू जेलीफिन एलएस' करून त्याच्या डोळ्यांनी बघा. 'परमिशन डिनाइड' आलं, तर 'नेमआय -एल'ला पूर्ण पत्ता द्या. वरपासून खालपर्यंत एकेका फोल्डरची परवानगी ती ओळीने दाखवते. फाइलवर वाचायची परवानगी असूनही वरच्या एखाद्या फोल्डरवर आत शिरायची, म्हणजे एक्सची परवानगी नसेल, तर सगळं अडतं. डेस्कटॉपने आपोआप माउंट केलेल्या डिस्कवर तर बऱ्याचदा असं होतं, तिथे फक्त लॉग-इन केलेल्या माणसालाच प्रवेश असतो.

७७७, म्हणजे सगळ्यांना सगळी परवानगी, देऊन मोकळं होऊ नका. आमच्याकडे ते करून झालंय आणि कोणीतरी अख्खा फोल्डर कचऱ्यात टाकूनही झालाय.

आपल्या लिपीचे घोळ

इंग्रजी मार्गदर्शकांत हा भाग मला कुठे सापडला नाही, म्हणून जरा सविस्तर.

विंडोज फाइलच्या नावात २५५ अक्षरं मोजतं, लिनक्सची एक्सटी४ डिस्क २५५ बाइट मोजते. रोमनमध्ये एका अक्षराला एक बाइट, त्यामुळे फरक पडत नाही. देवनागरीत मात्र व्यंजन, काना, मात्रा, हलन्त या प्रत्येकाला ३ बाइट लागतात. 'ज्ञानेश्वर' लिहिताना आपल्याला चार अक्षरं दिसतात, पण आत दहा चिन्हं आहेत, म्हणजे ३० बाइट. २५५ बाइटांत जेमतेम ८५ चिन्हं मावतात. आमच्या मंडळात फाइलला नाव देताना स्पर्धेचं नाव, केंद्र, फेरी, नाटक, लेखक, दिग्दर्शक आणि अंक असं सगळं लिहायची हौस. लॅपटॉपवर नाव छान बसतं, सर्व्हर नाकारतो, आणि विंडोज जो संदेश दाखवतं त्यावरून नावाचा दोष आहे हे कोणाच्या बापाला कळत नाही. इतर फाइली जातात आणि एकच अडते, तेव्हा आधी नाव लहान करून बघा.

दुसरा घोळ त्याहून छुपा. तो फक्त आपल्याच वाट्याला यावा असा आहे: 'ऱ्य'. 'दुसऱ्या' हा शब्द संगणकात तीन प्रकारे लिहिला जातो. एक, स्वतंत्र 'ऱ' घेऊन त्याला हलन्त आणि य. दोन, साधा 'र', त्याखाली नुक्ता म्हणजे टिंब, मग हलन्त आणि य. एचएफएस प्लस प्रकारच्या जुन्या मॅक डिस्कवर नाव लिहिलं, की ते या दुसऱ्या रूपात तुटतं. तीन, साधा 'र', हलन्त आणि मग एक न दिसणारं जोडचिन्ह, झीरो विड्थ जॉइनर. जुने मराठी कीबोर्ड असं लिहायचे. पडद्यावर तिन्ही अगदी सारखे दिसतात. सर्व्हरच्या लेखी ते तीन वेगळे शब्द आहेत.

म्हणून आमच्याकडे 'दुसऱ्या फेरीतले प्रयोग' नावाचे दोन फोल्डर शेजारी शेजारी होते, अक्षरन् अक्षर सारखे. लिनक्सवर एकाच नावाचे दोन फोल्डर असूच शकत नाहीत, हे माहीत असल्याने मी डिस्कच खराब झाली असं धरून चाललो होतो. शेवटी 'एलएस'चं उत्तर 'हेक्सडंप' या बाइट दाखवणाऱ्या साधनात ओतलं. एका नावात ई० ए४ बी१ होतं, म्हणजे अखंड 'ऱ'. दुसऱ्यात ई० ए४ बी० आणि थोडं पुढे ई२ ८० ८डी. ते शेवटचे तीन बाइट म्हणजे न दिसणारं जोडचिन्ह. शोधायच्या चौकटीत 'दुसऱ्या' टाइप केलं तर ज्या कीबोर्डने टाइप कराल तेवढेच सापडणार. व्हिडिओ लायब्ररीत असतो, आणि लोक म्हणतात दिसत नाही.

मॅकवरून आलेली तुटकी नावं 'कॉनव्हएमव्ही' हे साधन एनएफसीचा, म्हणजे सुटी चिन्हं जोडून लिहिण्याचा, पर्याय देऊन जोडतं. जोडचिन्हाच्या प्रकाराला ते हात लावत नाही, ती नावं बदलूनच घ्यावी लागतात. आणि नाव बदलण्याची किंमत असते. जेलीफिन व्हिडिओला ओळखतं फाइलच्या पूर्ण पत्त्यावरून. पत्ता बदलला की त्याच्या लेखी हा नवा व्हिडिओ. घरगुती रेकॉर्डिंगला दुसरी काही ओळख नसते, म्हणून कोणी कुठवर पाहिलं त्या खुणा जातात. म्हणून नावं एकदाच, आत यायच्या आधी नीट करायची.

मनाला पटत नसलं तरी आता आमचा नियम असा: फाइलचं नाव रोमन अक्षरांत, तारीख आणि अंकाचा आकडा एवढंच. मराठी शीर्षक जेलीफिनच्या मेटाडेटात टाइप करायचं आणि ते परस्पर बदलू नये म्हणून कुलूप लावायचं. तिथे नाटक, लेखक, दिग्दर्शक, हवी तेवढी हौस करा.

लायब्ररीचा प्रकार चुकला तर

सुरुवातीला आम्ही लायब्ररी 'मूव्हीज' या प्रकारची केली होती. तो प्रकार नाव वाचून इंटरनेटवरच्या सिनेमांच्या सूचीत जुळणी शोधतो. आमच्या एका बालनाट्याला कुठल्याशा परदेशी भयपटाचं पोस्टर आणि रक्तरंजित कथानक लागलं, नाव बदललं, आणि पालक विचारत बसले की मुलांचं नाटक कुठे गेलं. स्वतःच्या रेकॉर्डिंगसाठी 'होम व्हिडिओज अँड फोटोज' हाच प्रकार घ्या. झालेल्या लायब्ररीचा प्रकार बदलता येत नाही. ती काढून नवी करावी लागते. डॅशबोर्डमधून लायब्ररी काढल्याने डिस्कवरच्या फाइली जात नाहीत, घाबरू नका.

बाकीचं थोडक्यात. डिस्क दुसऱ्या यंत्रात असेल आणि एनएफएस किंवा सांबाने, म्हणजे नेटवर्कवरून, जोडलेली असेल, तर तिकडे झालेले बदल जेलीफिनला तत्काळ कळत नाहीत, कारण आयनोटिफाय ही सोय फक्त त्याच यंत्रातल्या बदलांची खबर देते. ठरलेलं स्कॅन मुळात दर १२ तासांनी असतं, तोवर थांबा किंवा हाताने दाबा. एखाद्या फोल्डरात 'इग्नोर' नावाची, आधी टिंब असलेली रिकामी फाइल कोणी ठेवली असेल, तर जेलीफिन तो फोल्डर बघतच नाही. टिंबाने सुरू होणारी फाइल लपलेली असते, 'एलएस -ए' करा.

आवक

आता पोरांना लायब्ररीचा फोल्डर शेअरमध्ये दिसतच नाही. त्यांना दिसतो तो 'आवक'. कार्यालयातल्या आवक-जावक रजिस्टरवरून नाव सुचलं. हा फोल्डर त्याच मोठ्या डिस्कवर आहे, पण कुठल्याही लायब्ररीत नाही. कॉपी तिथे होऊ दे, तुटू दे, पुन्हा होऊ दे, जेलीफिनला पत्ता लागत नाही.

सकाळी कोणीतरी एक जण आवक बघतो. एलएस आणि डीयू जुळतायत का, 'एफएफप्रोब' हे व्हिडिओ तपासायचं साधन फाइल वाचतं का आणि कालावधी बरोबर दाखवतं का. आमचा जुना कॅमेरा कार्डावर मोठं रेकॉर्डिंग तोडून तोडून लिहितो, कारण एफएटी३२वर एक फाइल ४ जीबीच्या वर जात नाही. तीन अंकी नाटकाचे पाच-सहा एमटीएस तुकडे येतात, ते इथेच एफएफएमपेगच्या कॉनकॅटने, पुन्हा एन्कोड न करता जोडून घेतो. मग नाव नीट करतो आणि एमव्ही या हलवायच्या कमांडने लायब्ररीत हलवतो. एकाच डिस्कवर हलवणं म्हणजे फक्त नोंद बदलणं, ११ जीबीची फाइल क्षणात जाते आणि जेलीफिनला ती एकदम पूर्णच दिसते. आवक दुसऱ्या डिस्कवर ठेवली असती तर एमव्ही आतून कॉपीच करतं आणि अर्ध्या फाइलचं भूत परत मानगुटीवर.

इथे एक खाच आहे, त्यात मी पडलोय. लायब्ररीच्या फोल्डरला गटाची परवानगी नीट लावली होती, तरी हलवलेल्या फाइली जेलीफिनला वाचता येईनात. कारण फोल्डरचा गट नव्याने तयार होणाऱ्या फाइलला लागतो, हलवून आलेली फाइल जुनीच परवानगी घेऊन येते. म्हणून परवानगी आवकमध्येच बरोबर हवी. सांबाच्या त्या शेअरला 'फोर्स ग्रुप' आणि 'क्रिएट मास्क' ०६६४ या नव्या फाइलचा गट आणि परवानगी ठरवणाऱ्या सेटिंग लावल्यापासून तो त्रास गेला.

परवा त्याच पोराचा पुन्हा निरोप आला: "दादा, तिसरा अंक आवकमध्ये टाकलाय. डीयू ९.८ दाखवतंय, एलएस ११. लॅपटॉप झोपला होता वाटतं. परत टाकू?"

या वेळी म्हटलं, टाक.